निगेटिव्ह कुणाकडे?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वरकुट्याला घरी ओसरीवर बसलो होतो आणि मोबाईलवर सूचना आली, ‘जागा संपली आहे.’ आमच्याकडे जागा संपते ती धान्याच्या कोठीतली, कडबा रचायच्या कोपऱ्यातली. हातात मावणाऱ्या डबीतली जागा संपली, याचं माझ्या पत्नीला हसूच आलं. भाचा शेजारी बसला होता. तो म्हणाला, ‘‘मामू, एक ॲप टाकून देतो. फालतू फोटो साफ करतं. एका मिनिटाचं काम.’’

ॲप उतरलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, तुमचे सगळे फोटो पाहू द्यायचे का? मी चष्मा शोधेपर्यंत भाच्याच्या अंगठ्यानं ‘हो’ म्हणून टाकलं. मग चक्र गरगर फिरलं आणि ढीग पडले. इतके फोटो एकसारखे, इतके स्क्रीनशॉट, इतके धूसर. धूसर फोटोंच्या ढिगावर लाल खूण होती, ‘काढून टाकावेत.’ त्या ढिगात सगळ्यांत वर माझी अम्मा होती.

अम्माला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा मोजून एक फोटो आहे, तोही जुना, पिवळा पडलेला. तो हरवू नये म्हणून मी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. फोटोचा फोटो धूसर येणारच. यंत्राला तो कचरा वाटला. त्या मूळ फोटोची एक कथा आहे, ती शेवटी सांगतो. तेव्हा मी फक्त भाच्याला म्हटलं, ‘‘थांब. याला एवढं सगळं बघायची काय गरज?’’

तो म्हणाला, ‘‘मामू, बघितल्याशिवाय झाडणार कसं?’’

उत्तर बरोबर होतं. झाडणाऱ्याला सगळं दिसतं, ही जगाची रीत आहे. पण माझ्या मनात तिथून एक धागा निघाला, तो थेट पुण्याच्या १८९७ सालापर्यंत गेला. आज तोच धागा तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

आधी आपल्या फोनमध्ये असतं काय, ते बघू. माझ्या पिढीला वाटतं, फोटो म्हणजे लग्नातला, सहलीतला. आता तसं राहिलेलं नाही. आमच्या इंदापूर तालुक्यातला शेतकरी डाळिंबावर तेल्या दिसला की पानाचा फोटो काढतो आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला पाठवतो. ऊस तुटून गेला की वजनाच्या पावतीचा फोटो. २०२१पासून ई-पीक पाहणी आली, तेव्हापासून उभ्या पिकाचा फोटो. सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलीच्या सोनोग्राफीचा कागद, नातवाची अंघोळ, सुनेचं डोहाळजेवण, घरात डोक्यावर पदर नसताना सहज काढलेला बायकोचा फोटो, हे सगळं एकाच पेटीत पडलेलं असतं. जुन्या घरात बैठकीची खोली वेगळी, माजघर वेगळं आणि ट्रंक त्याच्याही आत असायची. पाहुणा कुठवर येणार, हे भिंती ठरवायच्या. फोनला भिंती नाहीत. एक ‘हो’ म्हटलं की बैठकीपासून ट्रंकेच्या तळापर्यंत सगळं उघडं.

शिवाय प्रत्येक फोटोच्या पोटात काही मजकूर दडलेला असतो. तो कोणत्या दिवशी, किती वाजता काढला आणि फोनची तशी सोय चालू असेल तर पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठं काढला, हेही त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे दोन हजार फोटो वाचणाऱ्याला माणूस रात्री कुठं झोपतो, शुक्रवारी कोणत्या मशिदीत जातो, कोणत्या दवाखान्यात किती वेळा गेला, हे न विचारता समजू शकतं.

ही जागा संपते कशानं, तेही गमतीचं आहे. डिसेंबर २०१७मध्ये गूगलनं ‘फाइल्स गो’ नावाचं ॲप भारताकडे डोळा ठेवून आणलं. फोनमधला पसारा आवरणं हे त्याचं एक मुख्य काम. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलनं त्यामागचं कारण छापलं. भारतातले फोन ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी तुंबत होते. फोनच्या साठवणुकीचा धंदा करणाऱ्या एका कंपनीच्या हवाल्यानं त्या पत्रानं लिहिलं होतं, की भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोज संपते. अमेरिकेत हेच प्रमाण दहात एक. आपल्याकडची ती ‘शुभ सकाळ’ची गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि खाली एखादा सुविचार, हे सगळं आठवा. आपल्या अगत्यानंच आपल्या घरात पसारा केला आणि मग झाडणाऱ्याला बोलवावं लागलं.

झाडणारी ॲप अनेक आली. काही फुकट, काही विकत. त्यांची युक्ती साधी असते. प्रत्येक फोटोवरून एक लांबलचक आकडा काढायचा, जमिनीच्या गट नंबरासारखा. दोन फोटोंचे आकडे जुळले किंवा अगदी जवळचे निघाले की ते एकसारखे समजायचे. चित्रातल्या कडा स्पष्ट नसल्या की धूसर म्हणायचं. मुद्द्याची गोष्ट अशी, की हे सगळं काम फोनच्या आतल्या आत होऊ शकतं. त्यासाठी एकही फोटो बाहेर जायची गरज नसते. पण ॲपनं ठरवलं तर तेच फोटो इंटरनेटवरून दूरच्या संगणकावरही जाऊ शकतात. ओसरीवर बसलेल्या माणसाला दोन्हींमधला फरक डोळ्यांनी दिसत नाही. चक्र दोन्हीकडे सारखंच फिरतं.

आता पुण्याकडे जाऊ.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७मध्ये सरकारनं साथरोग कायदा केला. हाच कायदा पुढे २०२०मध्ये करोनाच्या वेळीही वापरला गेला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाती प्लेग समिती आली आणि मार्चमध्ये घरोघरच्या शोधाला सुरुवात झाली. शोधाला गोरे सोजिर आले. हेतू काय, तर आजारी माणूस शोधायचा, त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांना वेगळं ठेवायचं आणि घर स्वच्छ करायचं. शब्द होता तो स्वच्छतेचाच. भिंतींना चुना, जमिनीवर औषध, संशयित चीजवस्तू जाळायच्या.

हेतू वाईट होता, असं आज कुणी म्हणणार नाही. प्लेगनं माणसं खरोखर पटापट मरत होती. पण झाडायला आलेला बूट घालून स्वयंपाकघरात गेला, देवघरात गेला. काखेत आणि जांघेत गाठ आहे का, हे पाहण्यासाठी बायकांना परक्या नजरेसमोर उभं केल्याच्या तक्रारी झाल्या. लोकांनी आजारी माणसं माळ्यावर, कोठीत लपवायला सुरुवात केली. जिच्यासाठी मोहीम होती ती गोष्टच अधिक खोल दडली. घराची लाज आणि घराचा आजार दोन्ही एकाच पडद्यामागे गेले.

रँडसाहेबाच्या अहवालातला एक मुद्दा मला फार बोलका वाटतो. कोणा स्त्रीची मर्यादा हेतुपुरस्सर भंगल्याची विश्वसनीय तक्रार आमच्यापुढे आली नाही, याचं समितीला समाधान आहे, असा त्याचा आशय आहे. तक्रार आली नाही, म्हणून काही घडलं नाही! पण तक्रार करायची म्हणजे काय करायचं? जिच्या बाबतीत घडलं तिनं कचेरीत जाऊन, नावगाव सांगून, ते पुन्हा चारचौघांत बोलून दाखवायचं. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांची गोष्ट तिथं जाहीरपणे मांडली. पुरावा मागितला गेला तेव्हा सिद्ध करायला कुणी पुढे येईना आणि परत आल्यावर गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्याची अब्रू गेली त्यानंच ती गेल्याचा पुरावा द्यायचा, ही अट मान्य केली की अब्रूचा खटला सुरू होण्याआधीच संपतो.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. २२ जून १८९७च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी. चापेकर फासावर गेले, टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. मुंबईतही ९ मार्च १८९८ला असाच भडका उडाला. रिपन रोडच्या भागात मुसलमान विणकर राहत, त्यांना जुलाहा म्हणत. प्लेग शोधणाऱ्यांचं पथक एका बारा वर्षांच्या आजारी मुलीला न्यायला आलं आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी दार अडवलं. दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली. आमच्यातल्या पडद्याबद्दल पुष्कळ बोलता येईल, मीही कवितेतून बोललो आहे. पण त्या दारात उभ्या राहिलेल्या बापाला पुण्याच्या वाड्यातल्या ब्राह्मणाइतकंच कळत होतं, की हा उंबरा माझा आहे.

पण याच प्लेगची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९७च्याच मार्च महिन्यात, १० तारखेला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना काढला होता. सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथं आल्या आणि त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला. रोग तोच, झोपडीत शिरायचं कामही तेच. आजारी देह त्यांनाही पाहावा, शिवावा लागला. तरी लोकांनी त्यांना दार उघडलं. कारण आत आलेली बाई काय घेऊन बाहेर जाणार, हे लोकांना माहीत होतं. ती आजारी लेकरू घेऊन जाणार होती, त्याला बरं करायला.

१८९८नंतर सरकारही शिकलं. बळजबरी कमी झाली, स्त्री डॉक्टर आल्या, निरनिराळ्या समाजांची इस्पितळं निघाली, त्या त्या वस्तीतल्या प्रतिष्ठितांना बरोबर घ्यायची पद्धत पडली. मला यातून जे उमगलं ते एवढंच. स्वच्छतेला लोकांची ना नसते. ना असते ती न विचारता आत येण्याला आणि आत पाहिलेलं बाहेर नेण्याला.

आणि बाहेर नेलेलं किती काळ टिकतं, हे पाहायचं असेल तर प्लेगच्या दिवसांतले फोटो पाहा. मुंबई, पुणे, कराचीतल्या तपासण्यांचे, छावण्यांचे, इस्पितळांचे फोटो तेव्हा काढले गेले. त्यांतले पुष्कळ आज लंडनच्या वेलकम संग्रहासारख्या ठिकाणी आहेत आणि जगात कुणालाही पाहता येतात. रांगेत उभी केलेली माणसं, खाटेवरची माणसं. आजार गेला, राज्य गेलं, ती माणसं गेली. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत लाचार क्षण तेवढा शिल्लक आहे.

फोटोची कला आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४मध्ये. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग चालू लागला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर होते. पण सरकारला वेगळाच उपयोग दिसला. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला, साडेचारशेहून अधिक फोटोंचा. एकेक जात, एकेक जमात आणि खाली तिच्या स्वभावाचं सरकारी वर्णन. सर सय्यद अहमद खान मुलांसह लंडनला गेले होते, तेव्हा इंडिया ऑफिसात त्यांच्या पाहण्यात हा ग्रंथ आला. आपल्या देशबांधवांना ज्या रूपात त्यात मांडलं होतं ते पाहून त्यांना शरम वाटली आणि तसं त्यांनी पत्रात लिहिलं. ज्यांचे फोटो होते त्यांनी ते पुस्तक कधी पाहिलंही नसेल. त्यांच्या चेहऱ्याचा अर्थ दुसऱ्यानंच लावून ठेवला होता.

त्याच्या अगदी उलट गोष्ट निजामाच्या हैदराबादेतली. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. राजा दीनदयाळ या थोर फोटोग्राफरनी १८९२मध्ये तिथं खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव आणि फोटो काढायला एक इंग्रज बाई, मिसेस केनी-लेव्हिक. पडद्यातल्या बायकांना फोटो नको होता, असं नाही. त्यांना तो हवा होता, आपल्या अटींवर. दीनदयाळ यांनी ती अट ओळखली आणि तिच्याभोवती भिंत बांधली. त्यांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. यावरून एक ध्यानात यावं, कागदावरचा फोटो गिऱ्हाइकाचा, पण काच फोटोग्राफरची. आणि जोवर काच आहे तोवर फोटो कितीही वेळा पुन्हा काढता येतो.

त्या काचेचा न्याय इंग्लंडात १८८८मध्ये झाला होता. पोलार्ड नावाच्या बाईंनी पैसे देऊन एका दुकानात फोटो काढून घेतला. दुकानदारानं त्याच काचेवरून तिच्या चेहऱ्याचं नाताळचं भेटकार्ड बनवून मांडलं. कोर्टानं त्याला मनाई केली. फोटो काढायला दिला तो एका कामासाठी. त्या कामापलीकडे वापरणं म्हणजे विश्वासघात, असा त्या निकालाचा सरळ अर्थ. त्याच वर्षी अमेरिकेत कोडॅकचा हातात धरायचा कॅमेरा आला. दोनच वर्षांनी, १८९०मध्ये, वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. झटपट निघणारे फोटो आणि वर्तमानपत्रं माणसाच्या घरात घुसताहेत, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे खासगीपणाचा आधुनिक कायदा जन्मला, तेव्हा त्याच्या उशाशी कॅमेरा होता.

आपल्याकडे या हक्काला वेळ लागला. १९६२मध्ये खरकसिंग नावाच्या माणसाचा खटला सर्वोच्च न्यायालयात निघाला. पोलीस पाळतीच्या नावाखाली रात्री-अपरात्री त्याचं दार ठोठावत. ते दार ठोठावणं न्यायालयानं बेकायदा ठरवलं, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे मान्य केलं नाही. त्यानंतर पंचावन्न वर्षं गेली. सप्टेंबर २०१०मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा, सगळं नोंदवलं गेलं. त्या योजनेला कर्नाटकाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आव्हान दिलं आणि त्यातून हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ला त्यांनी एकमुखानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते आणि मुख्य निकालपत्र लिहिलं ते धनंजय चंद्रचूड यांनी. त्यांचं घराणं आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कनेरसरचं. आणीबाणीत, १९७६ साली, ज्या निकालानं माणसाच्या स्वातंत्र्याकडे पाठ फिरवली, त्यात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते. मुलानं २०१७मध्ये तो निकाल चुकीचा ठरवला. एका घरातच इतिहासानं कूस बदलली.

पुढे २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना मुख्य तरतुदींच्या तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. कायद्याच्या मजकुरातच एक उदाहरण दिलं आहे. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपनं तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागितले आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी तो होकार फक्त डॉक्टरी कामापुरता धरायचा. नंबरांची त्या कामाला गरजच नव्हती. पोलार्डबाईंच्या खटल्यातला न्याय सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपल्या कायद्यात असा उतरला.

कायदा लागतो तो कशासाठी, याची दोन उदाहरणं देतो. २९ जून २०२० रोजी भारत सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. लोकांच्या लक्षात राहिलं ते टिकटॉक. पण त्या यादीत क्लीन मास्टर आणि डीयू क्लीनर ही झाडलोटीची ॲपही होती. लोकांची माहिती देशाबाहेरच्या संगणकांवर जाते, हे बंदीचं एक कारण सांगितलं गेलं. दुसरं उदाहरण अमेरिकेचं. तिथं ‘एव्हर’ नावाचं ॲप होतं, फोटो साठवून फोनमधली जागा मोकळी करून देणारं. जानेवारी २०२१मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं कंपनीला धारेवर धरलं. कंपनीनं गिऱ्हाइकांच्या फोटोंवर चेहरा ओळखणारं यंत्र शिकवलं होतं आणि ज्यांनी खातं बंद केलं त्यांचे फोटोही पुसले नव्हते. फोटो पुसा आणि त्या फोटोंवर शिकलेलं यंत्रही पुसा, असा आदेश निघाला. मला या दुसऱ्या अर्ध्या आदेशाचं फार मोल वाटतं. काच फोडायची तर तिच्यावरून काढलेल्या प्रतीही मोडायच्या, हे त्यात कुणाला तरी कळलं होतं.

आता अम्माच्या फोटोची कथा.

१९८९ साल. मी बारामतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. अब्बा आणि अम्मा हजला निघाले. तेव्हा मुंबईहून बोटही जायची, त्यांचा प्रवास बोटीनंच व्हायचा होता. अर्जाला फोटो हवा होता. अम्मानं उभ्या जन्मात फोटो काढला नव्हता. मी तिला तालुक्याच्या गावी स्टुडिओत घेऊन गेलो. काळा पडदा, दोन मोठे दिवे आणि एक स्टूल. अम्मा पदर घट्ट धरून बसली. फोटोग्राफर भला माणूस होता. म्हणाला, ‘‘चाची, कपाळ जरा मोकळं ठेवा, नाहीतर अर्ज परत येईल.’’ तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पदर दोन बोटं मागे घेतला.

चार दिवसांनी आम्ही फोटो आणायला गेलो. त्यानं कागदी पाकिटात सहा प्रती दिल्या. अम्मानं विचारलं, ‘‘ते काळं कुठंय? ज्याच्यावरून हे काढलं ते?’’

‘‘निगेटिव्ह? ती इथंच राहते, चाची. नंबर टाकून ठेवतो. उद्या अजून प्रत लागली तर?’’

‘‘लागली तर मी घेऊन येईन. माझा चेहरा तुमच्या कपाटात कशाला?’’

मला लाज वाटली. कॉलेजात शिकणारा पोरगा मी, आई अडाण्यासारखं बोलते, असं वाटलं. पण तो माणूस हसला नाही. त्यानं खण उघडला, बटर पेपरमधली निगेटिव्ह काढली, उजेडाकडे धरून तिला दाखवली आणि तिच्या हातात दिली. वर म्हणाला, ‘‘तुमची चीज आहे.’’ तो उपकार करत होता, असं मला तेव्हा वाटलं. पुढे कळलं, की आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, दुसरा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचाच असतो. अम्माला कायदा माहीत नव्हता. तिला आपला चेहरा माहीत होता.

ती निगेटिव्ह अम्माच्या ट्रंकेत होती. ती गेल्यावर ट्रंक उघडली, तेव्हा हजहून आणलेल्या तसबीहच्या शेजारी, रुमालाच्या घडीत ती सापडली. तिनं पस्तीसेक वर्षांपूर्वी एका भल्या माणसाच्या कपाटातूनही जी गोष्ट परत घेतली, ती मी भाच्याच्या अंगठ्यासरशी एका अनोळखी हाती देऊन बसलो होतो. आणि ज्याला दिली त्यानं तिच्यावर कचरा म्हणून खूण केली होती.

मी भाच्याला ॲप काढून टाकायला सांगितलं. त्यानं ते काढलं, पण मी बेचैन होतो. म्हटलं, ‘‘आत जे पाहिलं ते त्यानं नेलं का?’’ तो प्रामाणिक पोरगा. म्हणाला, ‘‘मामू, मला नाही सांगता यायचं.’’

मग त्यानंच मला पुढचं शिकवलं. फोनमध्ये ‘सगळे फोटो’ आणि ‘निवडक फोटो’ असे दोन वेगळे पर्याय असतात. आयफोनमध्ये २०२०पासून, अँड्रॉइडमध्ये २०२३मधल्या चौदाव्या आवृत्तीपासून. झाडायचंच असेल तर फक्त ‘शुभ सकाळ’चा ढीग त्याच्यापुढे टाकता येतो, ट्रंकेची किल्ली द्यावी लागत नाही. ॲप उतरवण्याआधी ते कोणती माहिती गोळा करतं, याची पाटी तिथंच लावलेली असते. ती पाटी बनवणाऱ्यानं स्वतःच लिहिलेली असते, हे मात्र विसरू नये. रँडसाहेबाचा अहवालही रँडसाहेबानंच लिहिला होता.

शेवटी आम्ही दोघांनी ओसरीवर बसून हातानंच फोटो निवडले. दोन संध्याकाळी गेल्या. ‘शुभ सकाळ’ची शेकडो फुलं काढली. कारखान्याच्या जुन्या पावत्या वहीत उतरवून पुसल्या. मधेच एखादा फोटो निघायचा आणि भाचा विचारायचा, ‘‘हे कोण?’’ मग मी सांगायचो. असं करता करता त्याला आजोळची चार माणसं माहीत झाली. अम्माचा धूसर फोटो आला तेव्हा तो काही बोलला नाही. त्यानं तो बाजूला घेतला आणि मला विचारलं, ‘‘मामू, हा ठेवायचा ना?’’

त्या ॲपनंही पहिल्यांदा असंच विचारलं होतं. पण भाचा उत्तरासाठी थांबला होता.